दोन दशांशांपर्यंत

ऑफिसात तिला लेबलबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे, कारण नाव काही अगदीच खोटं नव्हतं. रस्ते, गटारं, भिंती, जे काही सर्व्हेअर मोजून आणी ते कॉम्प्युटरवर नुसत्या फुल्या होऊन पडे. कुठली फुली झाडाची आणि कुठली गटाराच्या झाकणाची, हे कळायला प्रत्येकीच्या शेजारी लेबल लागे. त्या लेबलाच्या पहिल्या ओळीत काय यावं, दुसऱ्या ओळीत काय, आकडा किती दशांशांचा असावा, दोन लेबलं एकमेकांवर चढली तर कुणी बाजूला सरकायचं, हे सगळं गेली बावीस वर्षं ती ठरवत आली होती. बाकीचे ड्राफ्ट्समन सॉफ्टवेअरमधली आयती लेबलं वापरून मोकळे होत. ही स्वतःची एक्स्प्रेशनं लिही. या आकड्यातून तो वजा कर, उत्तर इतक्याहून मोठं असेल तर असं दाखव, नाहीतर तसं. एकदा लिहून दिलं की पाचशे फुल्या पापणी लवायच्या आत आपापली वजाबाकी करून उभ्या राहत. या एका गोष्टीचा तिला अभिमान होता. दुसरं अभिमान वाटावं असं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि त्याबद्दल ती कुरकुरतही नसे.

घरी ती धाकटी होती. घर म्हणजे थोरलीचं घर. आईवडील लवकर गेले तेव्हा थोरली एकोणीस वर्षांची होती आणि ही आठ. थोरलीने चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात उभ्याने दिवस काढले आणि हिचा ड्राफ्टिंगचा कोर्स पुरा करवला. पुढे थोरलीचं लग्न झालं. नवरा लेथवर काम करणारा टर्नर, कमी बोलणारा, हाताचा पक्का. धाकटीने लग्न केलं नाही. स्वतःच्या दोन खोल्यांत ती एकटी राही आणि दर रविवारी थोरलीकडे जेवायला जाई. दोन तास बहिणी बोलत बसत आणि भावजी मधूनच "हं" म्हणत. तिचा आठवडा त्या दोन तासांवर टांगलेला असे.

भावजी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आयुष्यभराची पुंजी एका घरात घातली. शहराच्या कडेला नवी वसाहत झाली होती, चव्वेचाळीस बैठी घरं, पुढे हातभर अंगण. खाली पूर्वी दगडाची खाण होती आणि ती भराव टाकून बुजवली होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच नगर कार्यालयाने बांधणाऱ्या कंपनीला अट घातली होती की पाच वर्षं दर महिन्याला घरांची लेव्हल, म्हणजे उंची, मोजायची आणि नकाशा सादर करायचा. ते काम फिरत फिरत धाकटीच्याच ऑफिसात आलं. तिला आनंद झाला. थोरलीचं घर तिच्या नकाशावर पॉइंट एकतीस होतं.

मोजायला जाई तो सर्व्हेअर साठीला टेकलेला होता. ऑफिसात त्याला दुर्बीण म्हणत, धाकटी मात्र काका म्हणे. प्रत्येक घराच्या भिंतीवर त्याने पोस्टाच्या तिकिटाएवढा चकचकीत स्टिकर लावला होता. महिन्यातून एकदा यंत्र रस्त्यावर उभं करायचं, चव्वेचाळीस स्टिकर टिपायचे आणि फाइल धाकटीला आणून द्यायची. धाकटीने त्या कामासाठी खास लेबल बनवलं होतं. प्रत्येक पॉइंटच्या पोटात पहिल्या दिवशीची लेव्हल साठवून ठेवली होती. एक्स्प्रेशन सोपं होतं, आजची लेव्हल वजा पहिल्या दिवशीची. पहिल्या ओळीत घराचा नंबर, दुसरीत आजची लेव्हल, तिसरीत हा फरक, मीटरमध्ये, तीन दशांशांपर्यंत, म्हणजे मिलिमीटरपर्यंत.

पहिले काही महिने तिसऱ्या ओळीत एक, उणे एक, दोन मिलिमीटर असं काहीबाही येई. मग मधल्या अकरा घरांचे आकडे उणे होऊ लागले आणि उणेच राहिले. उणे सात. उणे अकरा. उणे चौदा.

"काका, यंत्र नीट आहे ना?"

"यंत्र नीट आहे. मी दोनदा टिपलं. कडेच्या घरांचं काही नाही बघ. मधलीच बसतायत."

आकडा वीस मिलिमीटरच्या पुढे गेला तेव्हा तिने त्या अकरा पॉइंटांचा वेगळा गट केला आणि त्यांची लेबलं लाल केली. त्या महिन्यात नकाशा गेला आणि चौथ्या दिवशी साहेबाने तिला बोलावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हता. तिचं आजारपण निघालं तेव्हा त्याने स्वतः डॉक्टर शोधून दिला होता. पण त्याच्या कपाळाला आज आठ्या होत्या.

"कंपनीचा फोन होता. नकाशा वाचता येत नाही म्हणतायत. आकड्यांची फार गर्दी आहे."

"तीनच ओळी आहेत, साहेब."

"तिसरी ओळ बदला. दर महिन्याचा रिपोर्ट आहे ना, मग त्या महिन्यात काय झालं तेवढंच दाखवा. मागच्या महिन्यापासूनचा फरक. आणि दोन दशांश पुरे. घर आहे, घड्याळ नाही. ते लाल पण काढा, लोक उगीच घाबरतात."

धाकटीने उभ्याउभ्याच मनात गणित केलं. महिन्याला चार मिलिमीटर म्हणजे शून्य दशांश शून्य शून्य चार. दोन दशांशांत ते शून्य शून्य होणार.

"मग एकूण किती खचलं ते कुठे दिसणार?"

"ज्याला हवं असेल तो मागची शीटं काढून बेरीज करेल."

"शून्यांची?"

साहेबाने तिच्याकडे पाहिलं आणि नजर टेबलावरच्या पेनाकडे वळवली. "आपण खोटं काहीच लिहीत नाही," तो म्हणाला. "आकडा तोच आहे. फक्त किती बारकाईने दाखवायचा, ते गिऱ्हाईक ठरवतं."

एक्स्प्रेशन बदलायला तिला दोन मिनिटं लागली. चव्वेचाळीस लेबलांची तिसरी ओळ एका क्षणात शून्य झाली आणि नकाशा खरंच देखणा दिसू लागला. त्यावर ऑफिसचा शिक्का बसला. एक प्रत नगर कार्यालयात गेली, एक वसाहतीच्या फलकावर लागली. पुढे दर महिन्याला असंच होत राहिलं. घरी न्यायच्या वहीत मात्र धाकटी खरे आकडे उतरवून ठेवी. त्याचं पुढे काय करायचं हे तिला माहीत नव्हतं, पण उतरवल्याशिवाय तिला राहवत नसे.

रविवारी ती थोरलीकडे जेवे आणि गप्प बसे. असे आठ-नऊ महिने गेले. मोजणी सुरू होऊन पंधरा महिने झाले, पॉइंट एकतीसचा खरा आकडा अठ्ठावन्न मिलिमीटरवर आला, त्या रविवारी तिने दोनच घास खाल्ले. ताट बाजूला सारून तिने सगळं सांगितलं. एक्स्प्रेशन, दशांश, साहेब, शिक्का. थोरली हंबरडा फोडेल किंवा कानाखाली वाजवेल, यातल्या कशालाही ती तयार होती.

थोरलीने तिच्या ताटात आणखी भात वाढला.

"जेव आधी. गार होतंय."

भावजी उठले. कपाटातून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं कॅलिपर आणलं, लेथवर असताना वापरत तेच. ते तिला स्वयंपाकघरात घेऊन गेले. ओट्याच्या मागे, डब्यांची फळी सरकवल्यावर, जमिनीपासून छतापर्यंत एक फट गेलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना त्यांनी पितळेच्या दोन बारीक खुंट्या बसवल्या होत्या. त्यांनी कॅलिपर लावलं, चष्मा वर करून वाचलं आणि भिंतीवर पेन्सिलीने तारीख घालून आकडा लिहिला. वरती तशा आकड्यांची रांगच होती.

"तुमचं मिलिमीटर आहे," भावजी म्हणाले. "माझं त्याच्या दहाव्या भागापर्यंत आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"घरात राहतो आम्ही," थोरली म्हणाली. "दाराचा तळ दोनदा तासून झालाय. पलीकडच्यांची खिडकी उघडत नाही. सगळ्या रांगेला माहीत आहे. बोलत कुणी नाही."

"मग बाहेर पडा इथून. माझ्याकडे या."

"तुझ्या दोन खोल्यांत? आणि मग? उरलेलं आयुष्य तिथेच काढायचं?" थोरलीने पदराला हात पुसले. मग ती ज्या आवाजात बोलली, तो आवाज धाकटीने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यात थोडी लाज होती आणि थोडी घाई. "एक गिऱ्हाईक आलंय घराला. रक्त तपासतात त्या लॅबमध्ये काम करते, बापाला घेऊन राहणार आहे. तिला घर आवडलंय. फलकावरचा नकाशाही तिने बघितला. मी म्हटलं, माझी सख्खी बहीणच ते नकाशे करते, पाहिजे तर जाऊन विचार."

भावजी कॅलिपर पुसत होते, पुसून झालं तरी पुसतच होते.

"तू खोटं काही सांगू नकोस," थोरली म्हणाली. "कागदावर आहे तेवढंच सांग. कागद खोटा नाही ना?"

"नाही."

"झालं तर मग."

ती बाई बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आली. तिशी-पस्तिशीची असेल. खांद्याला पिशवी, बोटांना औषधाचा वास. फलकावरच्या नकाशाचा फोटो तिने मोबाइलमध्ये काढून आणला होता. धाकटीने तिला शेजारची खुर्ची दिली. ती येण्याआधी तीन रात्री धाकटीने उत्तरं पाठ केली होती. तिसरी ओळ म्हणजे महिन्याचा फरक. फरक शून्य दाखवलाय. नकाशा नियमाप्रमाणे आहे.

बाईने ती उत्तरं नीट ऐकून घेतली, मान डोलावली, आणि मग विचारलं, "दोनच दशांश का?"

"काय?"

"आमच्याकडे काही तपासण्यांत तिसऱ्या दशांशावर माणूस आजारी ठरतो. दोनच छापले तर सगळे धडधाकट दिसतील. म्हणून विचारलं. यंत्र तेवढंच दाखवतं का?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नकाशा पडद्यावर उघडा होता. धाकटीला थोरलीचा आवाज आठवला, कारखान्यातून आल्यावर तिचे सुजलेले पाय आठवले, पहिल्या ड्रॉइंग बोर्डसाठी तिने विकलेल्या कानातल्या रिंगा आठवल्या. बाईचा बाप कसा असेल हे तिला माहीत नव्हतं, पण एक म्हातारा ओट्याच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेला उगीचच डोळ्यांसमोर आला. तिने लेबलाची स्टाइल उघडली, तिसऱ्या ओळीचं जुनं एक्स्प्रेशन लावलं आणि दशांशाच्या रकान्यात दोनच्या जागी तीन केलं.

चव्वेचाळीस लेबलं बदलली. पॉइंट एकतीसखाली आलं, उणे शून्य दशांश शून्य पाच आठ.

बाईने तो आकडा बराच वेळ पाहिला. "किती महिन्यांत?"

"पंधरा."

"बरं." तिने मोबाइल पिशवीत टाकला. उठताना ती म्हणाली, "तुमची बहीण आहे ना ती?"

"हो."

बाईने धाकटीचा हात एकदा हलकेच दाबला आणि ती निघून गेली.

संध्याकाळी थोरलीचा फोन आला. धाकटीला वाटलं होतं तशी ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"तिने नाही म्हणून कळवलं," ती म्हणाली. "कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला कळलं."

"ताई, तिने सरळच विचारलं गं. मला—"

"तुझं बरोबर आहे. तू बरोबरच वागलीस." मग ती म्हणाली, "या रविवारी येऊ नकोस. ह्यांना बरं वाटत नाहीये."

त्याच्या पुढच्या रविवारीही भावजींना बरं नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी थोरलीने फोनच उचलला नाही.

लॅबवाली बाई स्वभावाने चांगली असावी, कारण तिने ही गोष्ट स्वतःपाशी ठेवली नाही. त्याच रांगेत आणखी दोन घरं विकाऊ होती आणि तिथे घर बघायला आलेल्यांना तिने सावध केलं. महिन्याच्या आत रांगेत कुणी गिऱ्हाईक फिरकेना. विकायचं ज्यांच्या मनातही नव्हतं, त्यांनाही आता आपली घरं कुणी घेणार नाही हे कळून चुकलं. आणि जे आजवर दार तासून गप्प होते त्यांना एकदम राग आला. तो कंपनीवर निघाला असता तर काही झालं असतं, पण कंपनी कुणाला दिसत नव्हती. हाताशी होते ते भिंतीवरचे स्टिकर.

दुर्बीणकाका महिनाअखेरीस मोजून आला तो खुर्चीवर मटकन बसला.

"एकोणीस गेले," तो म्हणाला. "नखांनी खरवडून काढलेत. मधल्या घरांवर एकही नाही. मी नवे लावायला गेलो तर एकाने शिडीला लाथ मारली. म्हणाला, तुमच्या मोजण्यामुळेच घर खचतंय."

"एकतीस?"

"तिथे तर भिंत सँडपेपरने घासलीय. सफाईने. जागा शोधूनही सापडत नाही." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "तुझ्या भावजींचा हात आहे तो. असं काम दुसऱ्या कुणाचं नाही."

फाइल उघडल्यावर गेलेल्या पॉइंटांच्या लेबलांत आकड्याच्या जागी प्रश्नचिन्हं आली, कारण वजाबाकी करायला आजची लेव्हलच नव्हती. धाकटी शीट घेऊन साहेबाकडे गेली. तिला वाटलं आता तरी हा माणूस हादरेल, कंपनीला पत्र लिहील, नगर कार्यालयाला कळवेल. साहेबाने शीट पाहिलं आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या कितीतरी महिन्यांनी गेल्या.

"रहिवाशांनीच काढलेत ना? मग आपण काय करणार. रिपोर्टमध्ये एक वाक्य घाला, पॉइंट उपलब्ध नाहीत. आणि ती प्रश्नचिन्हं बरी दिसत नाहीत. एक्स्प्रेशनमध्ये काहीतरी करा. आकडा नसेल तर रेघ येऊ दे."

"रेघ?"

"नुसती आडवी रेघ. स्वच्छ दिसतं."

ती जागेवर आली. एक्स्प्रेशन लिहिलं, लेव्हल असेल तर फरक, नसेल तर रेघ. पहिल्या फटक्यात बरोबर चाललं. एकोणीस घरांखाली एकोणीस आडव्या रेघा आल्या आणि उरलेल्या पंचवीस घरांखाली शून्य. तिने प्रिंट काढली, शिक्का मारला आणि ती पाठवायच्या खोक्यात टाकली.

तिने गप्प बसायचं ठरवलं असं मात्र नाही. वहीतले पंधरा महिन्यांचे आकडे तिने सुवाच्य अक्षरात उतरवून काढले आणि खाली स्वतःची सही करून नगर कार्यालयात स्वतः नेऊन दिले. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटून पालटून पाहिला.

"हे कुठल्या पदावरून देताय?"

"मीच नकाशे काढते त्यांचे."

"मग हे नकाशात का नाही?"

कारकुनाने कागद ठेवून घेतला. तीन आठवड्यांनी पत्र आलं, की तक्रारीतील आकडे मंजूर नकाशांशी जुळत नसल्याने दखल घेता येत नाही. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आल्यामुळे ते साहेबाने आधी वाचलं. त्याने तिला काढून टाकलं नाही. पत्र तिच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "तुमचं दुःख मला कळतं. पण पुन्हा असं करू नका." त्या कामाची फाइल मात्र त्याने तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिली.

पुढच्या मोजणीनंतर दुर्बीणकाका तिच्या टेबलापाशी आला. इकडेतिकडे पाहून त्याने खिशातून चिठ्ठी काढली.

"स्टिकर नसला तरी भिंतीचा कोपरा टिपता येतो. रस्त्यावरूनच. मागच्या खेपेलाही टिपून ठेवला होता, तेव्हा बोललो नाही. तुझ्या बहिणीचा कोपरा." त्याने चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. "एका महिन्यात सात. आता दोन दशांशांतसुद्धा दिसलं असतं."

धाकटीने चिठ्ठी हातात धरली. तो आकडा लिहायला जागा नव्हती. तो पॉइंट यादीत नव्हता आणि यादी तिच्याकडे नव्हती. तिने थोरलीला फोन लावला. पूर्ण वाजून तो थांबला. मग तिने मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी एवढंच गेलं: ताई, या महिन्यात सात मिलिमीटर. माझ्याकडे या. हात जोडते.

उत्तर संध्याकाळी आलं. थोरलीला टाइप करायला वेळ लागे.

आम्हाला माहीत आहे. हे रोज लिहितात भिंतीवर. तू पाठवू नकोस, वाचून ह्यांना झोप लागत नाही. जेवत जा वेळेवर.

धाकटीने तो मेसेज बसमध्ये वाचला, घरी येऊन वाचला. माझ्याकडे या, याला त्यात उत्तर नव्हतं, आणि येणार नाही असंही थोरलीने म्हटलं नव्हतं. त्या रविवारी तिने स्वतःपुरता भात लावला. अंदाज चुकून तो तिघांचा झाला.

महिनाभराने काका पुन्हा मोजून आला. हात खिशात होता.

"सांगू?" त्याने विचारलं.

ती पडद्याकडेच पाहत होती. "नको, काका."

मग हात रिकामाच बाहेर काढून त्याने विचारलं, नव्या रस्त्याचे पॉइंट आलेत का तिच्याकडे. आले होते. सहाशे बारा होते. तिने फाइल उघडली आणि लेबलं लावायला घेतली.